गटारातला भात

एकदा एक सूत रंगवण्याचा कारखाना होता. मागांच्या गावात असतात तसाच. पत्र्याची लांब शेड, रंगाच्या अकरा टाक्या, पलीकडे ओल्या लडी वाळवायची खोली, आणि या सगळ्यांच्या मागे, घरातल्या तापट म्हाताऱ्यासारखा, एक बॉयलर. त्याच्या पोटात दिवसभर दगडी कोळसा पडायचा आणि धुराडं गावावर काळं ओकायचं. गावातल्या बायका दोरीवर धुणं घालायच्या आधी आभाळाकडे बघत नसत, धुराड्याकडे बघत. धूर ज्या अंगाला वळलेला असेल त्याच्या उलट अंगाला दोरी बांधत. यात काही चुकतंय असं कुणाला वाटतही नव्हतं. साठ घरांच्या चुली त्या एका चुलीवर पेटत होत्या, आणि पोट भरत असलं की माणसाला काजळी दिसत नाही. बायकांना दिसते, कारण धुणं त्यांना धुवावं लागतं. पण त्यांना विचारतो कोण.

कारखाना राजमतीचा होता. बाप गेला, भावाने शहर धरलं, आणि पस्तिशीच्या राजमतीने कारखाना धरला. रंगाचं शिक्षण तिच्यापाशी होतं, पण माणसं सांभाळायचं नव्हतं. ते शिकायला ती दर शनिवारी खानावळवाल्या आत्तीकडे जाऊन बसायची. आत्ती कुणाची सख्खी आत्या नव्हती. चाळीस वर्षं तिने मागवाल्यांची खानावळ चालवली होती, दोन चुलींवर दीडशे ताटं वाढली होती, म्हणून सगळं गाव तिला आत्ती म्हणायचं. शाळेची पायरी तिने चढलेली नव्हती. पण एका मुठीत मीठ घेऊन ती शंभर माणसांच्या आमटीला पुरेल की नाही हे सांगायची, आणि ते कधी चुकलं नव्हतं.

दिवाळी होऊन गेली आणि राजमतीच्या कारखान्याला एक पत्र आलं. तिचं निम्म्याहून जास्त सूत ज्या एका गिऱ्हाइकाकडे जायचं त्याने लिहिलं होतं: पुढल्या दसऱ्यापासून कोळशावर रंगवलेलं सूत आम्ही घेणार नाही. धूर बंद करा, नाहीतर आपला व्यवहार बंद.

राजमती हिंडली. कोळशाच्या व्यापाऱ्याला आधी विचारलं, कारण बापाच्या वेळेपासून त्याचं येणं-जाणं होतं. तो हसला. म्हणाला, "ताई, उन्हात पापड वाळतात, सूत शिजत नाही. हे साहेबलोकांचं खूळ आहे, दोन वर्षांत उतरेल." कुणी म्हणालं गॅस घ्या. पण गॅसही जमिनीच्या पोटातूनच उपसलेला, म्हणजे त्याच घरचा धाकटा भाऊ. कुणी म्हणालं लाकूड जाळा. एवढ्या बॉयलरला लाकूड घालायचं तर डोंगर बोडका व्हायचा. विजेचा जाणकार आला, त्याने बॉयलरभोवती दोन फेऱ्या मारल्या, कोळशाचा ढीग बघितला आणि मान हलवली. "एवढी आग तारेतून आणायची म्हणता? अख्ख्या पेठेचे दिवे विझतील."

राजमती आत्तीकडे आली तेव्हा शनिवार नव्हता. आत्ती ओट्यावर पावटे सोलत होती.

"आत्ती, एवढ्या मोठ्या आगीला पर्याय नाही. सगळ्यांना विचारून झालं. दसऱ्याला कारखान्याला कुलूप लावायचं. साठ माणसांना काय तोंड दाखवू ते सांग, तेवढ्यासाठी आलेय."

आत्तीने हातातली शेंग संपवली. "आग कशाला लागती गं तुला?"

"सूत रंगवायला."

"किती लागती?"

"रोजचा दोन टन कोळसा."

"मी कोळसा न्हाई इचारला. सुताला किती लागती ते इचारलं."

राजमतीने मनातल्या मनात आकडे जुळवून बघितले. तिला टाकीचं उष्णतामान ठाऊक होतं, रंगाची मात्रा ठाऊक होती. पण बॉयलरपाशी जाऊन हा हिशेब कुणी मांडला नव्हता. बापाने दोन टन जाळला, म्हणून तिने दोन टन जाळला.

"उद्या सकाळी येते," आत्ती म्हणाली. "गेटवर अडवू नको म्हणावं. आणि दुपारी कुणी घरनं डबा आणायचा न्हाई. जेवण माझ्याकडं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आत्ती हातगाडीवर खानावळीचे पाच मोठे पितळी डबे घालून आली. झाकणांच्या कडा कणकेने लिंपलेल्या. आतलं सगळं कच्चं होतं. कारखान्यात चूल नव्हती आणि तिने लाकडाचं एक ढलपंही सोबत आणलं नव्हतं.

पहिल्या डब्यात भिजवलेले तांदूळ आणि पाणी होतं. तो तिने शेडमागच्या गटारात उतरवला. या गटारातून सूत उकळायच्या टाक्यांचं आणि बॉयलरचं कढत पाणी वाफा टाकत ओढ्याकडे वाहायचं. झाकण पाण्याच्या वर राहील अशा बेताने तिने डबा तारेने खांबाला बांधला. दुसरा तसाच तांदळाचा डबा तिने रंगाच्या मोठ्या टाकीत लटकवायला लावला, तोही मान वर ठेवून. तिसऱ्यात तुरीची डाळ होती. तो बॉयलरकडून येणाऱ्या वाफेच्या पाइपाच्या वळणावर टेकवला, जिथे वेष्टण गळून पडून बारा वर्षं झाली होती. चौथ्यात विरजण लावलेलं दूध होतं. तो वाळवणाच्या खोलीच्या मागच्या भिंतीशी ठेवला, जिथे गावातली कुत्री थंडीत झोपायला यायची. पाचव्या डब्याला बाहेरून काजळ फासलं होतं. त्यात शेवया, गूळ आणि पाणी. तो वर पत्र्यावर उन्हात, आणि त्याच्यावर जुन्या खिडकीची काच.

बॉयलर सांभाळायचा तवनाप्पा. तीस वर्षं कोळसा टाकून त्याचे खांदे दारासारखे झाले होते आणि खोकला कायमचा घरजावई. तो फावड्यावर हनुवटी टेकून हे सगळं बघत होता.

"आत्ती, खानावळ बंद पडली म्हणून आमच्यात चालू केलीस काय?"

"तू कोळसा टाक."

"गटारात भात. आता मोरीत खीर लावशील."

"खीर वर लावलीया. चढून बघ, गुडघं चालत असतील तर."

माणसं हसली. राजमती हसली नाही. तिला वाटलं, म्हातारीचं वय झालं, आपण हिच्याकडे यायला नको होतं. पण गुरूला एकदा गेटच्या आत घेतल्यावर हाताला धरून बाहेर काढता येत नाही. ती दिवसभर त्या डब्यांकडे न बघता काम करत राहिली. आणि साठ माणसं काम न करता त्या डब्यांकडे बघत राहिली.

दुपारी एक वाजता आत्तीने शेडमध्ये पंगत बसवली. सगळ्यांपुढे पानं मांडली. पहिल्यांदा पाइपावरचा डबा आला. डाळ शिजून गोळा झाली होती, नुसत्या पळीने घोटली. मग भिंतीमागचं दही आलं, कापून वड्या पाडाव्यात असं लागलेलं. पत्र्यावरून खीर उतरवली. शेवया जरा जास्तच फुगल्या होत्या, पण खीर खीरच होती. मग गटारातला डबा आला. तवनाप्पाने स्वतः तार सोडली, कारण सगळ्यात जास्त थट्टा त्यानेच केली होती. आत्तीने कणीक खरवडली, झाकण काढलं. भात थोडा चिकट होता, पण शीत दाबलं की मऊ होतं.

 पोटात भूक होती आणि समोर गटारातला भात होता. शेवटी आत्तीने पहिला घास स्वतः घेतला, मग हात पुढे आले.

"आता टाकीतला काढा," ती म्हणाली.

तो डबा उघडला. तांदूळ होते तसेच होते. गरम पाण्यात भिजून टपोरे झाले होते, पण दाताखाली कच. आत्तीने ते तसेच मूठभर राजमतीच्या पानात वाढले.

"खा."

"कच्चे आहेत आत्ती."

"का कच्चे?"

उत्तर राजमतीने दिलं नाही, त्या टाकीवर अठरा वर्षं काम करणाऱ्या शमाबीने दिलं. "आत्ती, त्या टाकीत भात कसा शिजंल? साठ अंशांच्या वर पाणी गेलं की रंग डागाळतो. वाफ सोडली की पाणी भस्सकन तापतं, म्हणून आम्ही लगेच गार पाणी ओततो. रोजचंच हाय ते."

"रोज?"

"दर घाण्याला."

राजमतीने पानावरून हात काढला. आधी कोळसा जाळून वाफ करायची, ती वाफ पाण्यात सोडून पाणी नको इतकं तापवायचं, मग त्यात गार पाणी ओतून ते हवं तितकं थंड करायचं. हे तिच्या कारखान्यात दिवसातून वीस-पंचवीस वेळा होत होतं. तिने स्वतः ते हजारदा बघितलं होतं. बघितलं होतं म्हणूनच दिसलं नव्हतं.

मग आत्ती बोलली. तिचं बोलणं लांबलचक नव्हतं.

"जिथं तुझं काम होतं तिथं भात कच्चा ऱ्हायला, आणि जिथं तू फेकून देतीस तिथं शिजला. आता तूच सांग, तू आग कुणासाठी पेटवतीस, सुतासाठी का गटारासाठी? दही लावायला कुणी भट्टी पेटवत न्हाई बाई. दह्याला ऊब लागती, भाकरीला आर लागतो. ज्याला जे लागतं तेवढंच द्यायचं, हा सैपाकाचा पहिला धडा. तुम्ही सगळ्यांना एकच जाळ लावलाय आणि तो जाळ केवढा मोठा हाय बघून हात टेकून बसलाय. कोळशाला पर्याय शोधू नको. कोळसा उधळ्या असतो, त्याच्यासारखा दुसरा उधळ्या तुला मिळायचा न्हाई. सुताला काय लागतं ते शोध. ते फार थोडं हाय."

तवनाप्पा उठला आणि हात न धुताच बाहेर गेला. आत्ती त्याच्यामागे गेली. तो बॉयलरच्या दाराशी उभा होता.

"बोललीस ते बरोबर हाय," तो म्हणाला. "खरं मग मी काय करू? तीस वर्षं आग सांभाळली म्या. दुसरं येत न्हाई."

"आग सांभाळलीस. आता ऊब सांभाळ. आगीपेक्षा वांड असती ती. आग एका जागी बसती, ऊब मिळंल त्या फटीतनं पळती. तिला धरायला आग ओळखणारा माणूस लागतो. पोरगा शिकून येईल त्याला काय कळणार कुठनं पळाली ते?"

 दुसऱ्या दिवशी तवनाप्पा ओलं फडकं घेऊन सगळ्या पाइपांवरून फिरला. फडकं जिथे चर्रकन वाळलं तिथे खडूने फुली मारली. संध्याकाळपर्यंत फुल्या एकशे सव्वीस झाल्या.

गोष्टीत इथे माणसं शहाणी होतात आणि सगळं आपोआप सुरळीत होतं. तसं झालं नाही, आणि झालं असं सांगितलं तर ती लबाडी होईल. आधी फुल्यांच्या जागी जाड वेष्टणं चढली. कामगार त्यांना स्वेटर म्हणायला लागले. मग गटारात तांब्याच्या नळ्यांचं वेटोळं बसवलं. बाहेर जाणाऱ्या गरम पाण्यातून टाकीकडे येणारं गार पाणी त्या नळ्यांतून फिरवायचं, म्हणजे जाणाऱ्याची ऊब येणाऱ्याला. आठ दिवसांत त्या वेटोळ्यावर सुताच्या तंतूंची दाढी वाढली आणि सगळं बंद पडलं. नळ्या बसवणारे शिकलेले होते, त्यांनी ते पुरतं उपसून पुन्हा करायला सांगितलं. तवनाप्पाने बायकोची जुनी चाळण वेटोळ्याच्या आधी आडवी लावली आणि रोज सकाळी ती झाडायची जबाबदारी स्वतःकडे घेतली. पुढे लोखंडाची मोठी चाळण आली, पण कारखान्यात तिला अजून वहिनींची चाळण म्हणतात.

पत्र्यावर काचेच्या नळ्या बसल्या, उन्हाने पाणी तापवणाऱ्या. वाळवणाच्या खोलीला एक यंत्र आलं. फ्रिज उलटा लावावा तसं ते बाहेरच्या हवेतली ऊब ओढून आत सोडायचं. आणि उकळी ज्याला खरोखर लागते अशी फक्त तीन कामं उरली. त्यांच्यापुरता विजेवरचा एक लहानसा बॉयलर घेतला, कपाटाएवढा. विजेचा तोच जाणकार पुन्हा आला, नवा आकडा बघितला आणि म्हणाला, "एवढीच? एवढी तर तार सहज देईल." ही वीजही माळावरच्या पवनचक्कीवाल्यांशी बोलणं करून घेतली, नाहीतर आपला धूर दुसऱ्याच्या धुराड्यातून काढल्यासारखं झालं असतं. ते राजमतीने स्वतःहून केलं, आत्तीने सांगावं लागलं नाही.

श्रावणात दहा दिवस ऊन पडलं नाही. काम रखडलं, माल आठवडाभर उशिरा गेला. कोळशाचा व्यापारी मुद्दाम गेटवर येऊन विचारून गेला, "पापड वाळले का ताई?" राजमतीने त्याला चहा पाजला आणि कोळसा घेतला नाही. साठातल्या काहींनी तेव्हा तिला वेडी म्हटलं. मग तिने पत्र्याखाली एक जाड अंगाची टाकी बांधली, दोन दिवसांचं गरम पाणी साठवणारी. पुढच्या ढगाळ दिवसात काम थांबलं नाही आणि बोलणारे गप्प झाले. लोक असेच असतात, त्यांच्यावर रागावून उपयोग नाही, टाकी बांधावी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी असते. त्या दिवशी हत्यारांची आणि यंत्रांची पूजा करतात. तीस वर्षं त्या कारखान्यात झेंडूचा सगळ्यात मोठा हार बॉयलरच्या गळ्यात पडायचा आणि तो तवनाप्पाच घालायचा. यंदा बॉयलर विझून तीन महिने झाले होते. धुराड्याच्या तोंडावर पारव्यांनी घर केलं होतं. त्या दिवशी गिऱ्हाइकाचा माणूसही आला होता, सगळं बघून गेला होता, जाताना पुढल्या वर्षाची मागणी राजमतीच्या हातात देऊन गेला होता. साठही माणसं नवे कपडे घालून उभी होती.

तवनाप्पा हार घेऊन सवयीने बॉयलरपाशी गेला. दोन क्षण थांबला. त्याच्या गार अंगावर त्याने हात ठेवला, कुंकवाचं बोट लावलं, घरातल्या थकलेल्या वडीलधाऱ्याला नमस्कार करावा तसा नमस्कार केला. मग हार तसाच हातात घेऊन शेडच्या मागे गेला. सगळी मंडळी त्याच्यामागे.

गटाराच्या काठावर आत्ती आधीच उकिडवी बसली होती. तिने सकाळी सातलाच तिथे एक डबा बांधून ठेवला होता. तसाच पितळी, तसाच कणकेने लिंपलेला.

"आत्ती, आज पण भात?" शमाबीने विचारलं.

"तार सोड तवनाप्पा."

त्याने डबा वर घेतला आणि त्याचा चेहरा बदलला. वर्षापूर्वी अशाच डब्याला धरताना त्याने हाताला फडकं गुंडाळलं होतं. आज डबा नुसत्या हातात होता. त्याने दुसरा हात गटाराच्या पाण्यात घातला आणि तसाच ठेवला. पाणी नदीच्या पाण्यासारखं गार होतं.

आत्तीने झाकण काढलं आणि डबा राजमतीपुढे धरला.

तांदूळ कच्चे होते. भिजलेले, पांढरेशुभ्र, एकही दाणा फुटलेला नाही. भात शिजला नव्हता. गटारात आता शिजण्याजोगं काही उरलंच नव्हतं. ऊब तिच्या कामावर गेली होती.

राजमतीला आत्तीने काही समजावून सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही. गेल्या वर्षी पानात वाढलेली ती कच्च्या तांदळाची मूठ तिला आठवली. तिने पूजेच्या ताटातलं कुंकू घेतलं, डब्यात टाकलं, बोटांनी तांदूळ कालवले. मग प्रत्येकाच्या हातावर थोडे थोडे ठेवत ती साठही माणसांपुढून गेली, शेवटच्या माणसापर्यंत.

"अक्षता अखंडच लागतात," एवढंच ती म्हणाली.

तवनाप्पाने झेंडूचा हार वेटोळ्याच्या खांबाला घातला. गटाराला हार घातलेला त्या गावाने पहिल्यांदा बघितला. अक्षता पडल्या. मग तवनाप्पा आत्तीकडे वळला.

"म्हातारे, आता जेवायचं काय? डबा तर कच्चा निघाला."

"घरनं आणलाय," आत्ती म्हणाली. "यापुढं जेवण घरनंच आणायचं. हितं फुकटचं काही शिजायचं न्हाई."

तुमचा कारखाना असो, बेकरी असो नाहीतर वीटभट्टी. नवी आग शोधायला निघण्याआधी मूठभर तांदूळ घ्या आणि आपल्या गटाराशी जाऊन बसा.